टाकी पाण्याची नव्हे, पाथरवटाची

दारव्हा तालुक्यातल्या एका शिक्षिकेने विचारलं आहे, "गणेशोत्सवात आमच्या गावातल्या गणपती करणाऱ्या दादांचा सत्कार आहे. फलकावर 'शिल्पकार' लिहावं की 'मूर्तिकार'? आणि खाली 'टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही' ही म्हण घातली तर चालेल का? वर्गातली पोरं विचारतात, पाण्याच्या टाकीचा घाव कसा बसतो?"

पहिला प्रश्न सोपा. संस्कृतात शिल्प म्हणजे कोणतंही हातकसब, त्यामुळे सुतार-सोनारही शिल्पीच. मराठीत आता पूजेची मूर्ती करतो तो मूर्तिकार, बाकीचा शिल्पकार, असं रुळलं आहे. 'गावाच्या विकासाचे शिल्पकार' हे मी दर निवडणुकीत चौकाचौकात वाचतो, तेव्हा त्या शब्दाबद्दल आणखी बोलायची इच्छा राहिलेली नाही.

म्हण मात्र घालू नका. मातीच्या गणपतीखाली तर नकोच. गेल्या वर्षी एका कार्यक्रमात निवेदकाने हीच म्हण शाडूच्या मूर्तीकडे हात करून म्हटली आणि टाळ्याही घेतल्या. अहो, मातीला टाकी लावली तर देवपण येणार नाही, ढेकळं होतील! माती थापतात, दाबतात, ओल्या बोटाने सारखी करतात. तिथे घाव नाहीच. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी घडवतो तो सुतार, त्याच्या हातात पटाशी. लोहाराची छिन्नी लोखंड तोडते. टाकी दगडाची. ज्याचं हत्यार त्याला.

आता मुख्य मुद्दा. टाकी हा शब्द संस्कृत 'टङ्क' पासून. टङ्क म्हणजे दगड फोडायचं, घडायचं हत्यार. याच घरातून टाकसाळ निघाली, म्हणजे टंकशाला, जिथे धातूवर ठसा मारतात. दिल्लीच्या सुलतान इल्तुत्मिशचं चांदीचं नाणं टंका, त्यावरून टका, आणि बांगलादेशात आजही लोक टाका मोजतात. आपण टंकलेखन करतो तेही ठसेच मारणं. देवघरात खंडोबाचा, भवानीचा चांदीचा टाक असतो ना, पत्र्यावर ठोकून उठवलेला? तोही त्यातलाच. दौतीत बुडवून लिहायचा टाकसुद्धा. एका हत्याराने देव, पैसा आणि अक्षर तिन्ही घडवले, आणि आपण त्याच्यात पाणी भरतो!

धातुपाठात, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मूळ रूपांच्या यादीत, टङ्क् धातूचा अर्थ 'बांधणे' दिला आहे. शिवणाचा टाका त्यावरून आला असेल तर असो. पण दगडाचा कपचा उडवणारं हत्यार काय बांधतं, हे कुणी मला समजावून सांगावं. दुसरे एक पंडित गृहस्थ टाकी थेट 'तक्ष्' वरून आणतात. त्यांना माझं एवढंच विचारणं आहे, तक्ष् वरून आपल्याला 'तासणे' मिळालं, मग त्याच धातूकडून टाकी कशाला उसनी घ्यायची? माझं मत वेगळं आहे आणि मी ते सोडणार नाही. हा टङ्कच मुळात आवाजातून आला. लोखंड दगडावर बसलं की टक् होतं. धनुष्याचा टंकार त्याचाच भाऊ. पाथरवट दगड निवडतानाही आधी ठोकून ऐकतो. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर आत चीर आहे, सोडून द्यायचा. ज्या धंद्यात कान डोळ्याच्या आधी कामाला लागतो, तिथे हत्याराचं नाव कानानेच ठेवलं असणार.

पाण्याची टाकी? ती 'टाकं' वरून. माझ्या मते टाकं म्हणजे टाकीने खोदलेलं, किल्ल्यांवर असतं तसं. कुणी म्हणेल, कान्हेरीच्या लेण्यांतल्या लेखांत पाण्याच्या टाक्याला 'पोढी' म्हटलं आहे. म्हटलं असेल. पोढी गेली, टाकं राहिलं.

खरा घोळ १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी केला. त्याआधी 'टांकी', 'टांकणें' असं डोक्यावर टिंब देऊन लिहायचे, आणि फेकणं ते नुसतं 'टाकणें'. उच्चारात नाही म्हणून टिंब काढलं आणि दोन्ही क्रियापदं एका वेषात आली. आमच्या घरी याचा फटका बसला आहे. आजी म्हणाली, "सूनबाई, जातं टाकाचं हाय." काकू पुण्याची, नवी नवरी. तिने दुपारभर खपून जात्याचा वरचा दगड ओढत उकिरड्यापर्यंत नेला. आजीला म्हणायचं होतं, टाकी लावून घ्यायची आहे. दळून दळून जातं गुळगुळीत झालं की पीठ भरड पडतं. मग टाकणकार यायचा, मांडीशी दगड घेऊन बसायचा आणि तिरक्या टाकीने ज्वारीच्या दाण्याएवढे टवके उडवत कडेपासून मध्यापर्यंत जायचा. पहिलं दळण कचकच लागायचं, ते कुणी खायचं नाही. वऱ्हाडातल्या टाकणकार समाजाचं नावच या कामावरून पडलं. हल्ली जातं नसलं तरी पोरांना गिरणीवर पाठवा. "दगडाला टाकी लावाची हाय, उद्या या" हे वाक्य अजून ऐकू येतं.

आणि हो, टाकीला पाणी लागतंच, पण वेगळं. आपल्याकडचा काळा दगड टाकीचं टोक खातो. पूर्वेला गडचिरोलीतल्या मार्कंड्याच्या देवळांचा वालुकाश्म त्यामानाने मऊ, पण लोणारकडच्या काळ्या दगडावर काम करायचं तर टाकी पुन्हापुन्हा लोहाराकडे न्यावी लागणार. तो टोक भट्टीत लाल करतो, ठोकून निमुळतं करतो, आणि फक्त टोकच पाण्यात धरतो. चर्र होतं. त्याला म्हणतात टाकीला पाणी देणं. सगळी टाकी बुडवली तर ती ठिसूळ होऊन हातोड्याखाली तुटते. पोरांना हे सांगा, पाण्याच्या टाकीचा प्रश्न तिथेच मिटेल.

अरे, फलक राहिलाच. आपल्या भागात मूर्ती करणाऱ्याला चितारी म्हणतात, नागपूरची चितारओळ त्यांचीच. मूर्तिकार लिहिलंत तरी चूक नाही, पण मी असतो तर चितारी लिहिलं असतं. दादांना एकदा विचारून घ्या.