‘परत नको’ हे दोन शब्द जपा

बंड्याचं वय बारा, वजन साडेचार किलो, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, आणि त्याच्यावरून आलेली वकिली नोटीस तीन पानी.

कर्वेनगरच्या ताई, तुमच्यासारखी पत्रं मला वरचेवर येतात. म्हातारा कुत्रा कोणाला नको असतो, कोणीतरी दयाबुद्धीने घरी आणतं, त्याचे दात काढतं, औषधं सुरू करतं. मग कुत्रा जरा टवटवीत दिसायला लागला की मूळ घरातलं कोणीतरी उगवतं. तुमच्या बाबतीत ते कोणीतरी म्हणजे बंड्याच्या आधीच्या मालकीणबाईंचा परदेशातला मुलगा. आजींना होईना म्हणून 9 नोव्हेंबरला त्यांनी प्राणिसंस्थेच्या कार्यकर्तीच्या हाती हा पामेरियन सोपवला. तिने आठवडाभरात तो तुम्हाला दिला. 14 मार्चला आजी गेल्या. आता मुलगा म्हणतो, बंड्या ही आईची शेवटची आठवण आहे, तो माझा आहे, पंधरा दिवसांत परत करा, नाहीतर चोरीची फिर्याद करतो.

चोरीचं आधी निकालात काढू. आजींनी स्वतःच्या हाताने दिलेला कुत्रा चोरीचा होत नाही. पोलीस चौकीवर बोलावलं तर जा, बंड्याच्या लसीकरणाची पुस्तिका आणि पावत्या यांच्या झेरॉक्स घेऊन जा, आणि लेखी म्हणणं देऊन या. असल्या प्रकरणात पोलीस सहसा ‘ही दिवाणी बाब आहे’ म्हणून दोघांनाही वाटेला लावतात. विश्वासघाताचं कलम लावायचा प्रयत्न कोणी करणारच नाही, असं मात्र मी छातीठोकपणे सांगणार नाही.

आता मुद्द्याचं. तुम्ही चार पानं लिहिलीत. त्यात बंड्याला कुठलं बिस्किट आवडतं हेही आहे. सगळ्यात खाली, ‘ता. क.’ म्हणून, आजींनी लसीकरणाच्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर काहीतरी लिहिलं होतं, असं आहे. ताई, तुमचं सगळं प्रकरण त्या ता. क. मध्ये आहे!

‘पुढील डोसची तारीख’ छापलेल्या चौकटींवरून आडवं, निळ्या बॉलपेनने, कापऱ्या हाताने लिहिलेलं ते वाक्य मी फोटो मोठा करून तीनदा वाचलं: “बंड्याला यांच्याकडे सांभाळायला देत आहे. आता माझ्याच्यानं होत नाही. परत नको.” खाली सही.

समोरचा वकील ‘सांभाळायला’ या शब्दाला धरून बसणार. कारण सांभाळायला दिलेली वस्तू ही ठेव असते, कायद्याच्या भाषेत निक्षेप. मालकी देणाऱ्याचीच राहते. आणि भारतीय करार कायद्याचं कलम 162 सांगतं की विनामोबदला ठेव ही ठेवणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते. म्हणजे 14 मार्चला ठेव संपली, कुत्रा वारसांचा. त्यांची नोटीस याच पायावर उभी आहे, फक्त त्यांनी कलम लिहिलेलं नाही.

पण आजी ‘सांभाळायला’वर थांबल्या नाहीत. ‘परत नको’ म्हणाल्या. ज्याला वस्तू परत नको असते तो ठेव ठेवत नाही, तो देऊन टाकतो. ते बक्षीस झालं. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 123 प्रमाणे जंगम वस्तूच्या बक्षिसाला नोंदणीचा दस्तच लागतो असं नाही, नुसता ताबा दिला तरी पुरतं. आणि कायद्याच्या नजरेत बंड्या जंगम वस्तूच आहे. तुम्हाला हे वाचून राग येईल, पण तो राग बाजूला ठेवा, कारण इथे तेच तुमच्या सोयीचं आहे. संस्थेच्या फॉर्मवर ठळक छापलेल्या ‘दत्तकपत्र’ या शब्दाला मात्र काही अर्थ नाही. 1956 चा दत्तक कायदा माणसांच्या मुलांसाठी आहे.

बक्षिसाला एक अट आहे, कलम 122 मधली. देणारा हयात असतानाच घेणाऱ्याने ते स्वीकारलं पाहिजे. म्हणून तारखा बघायच्या. बंड्याचे सात दात काढल्याची पावती 2 डिसेंबरची आहे, तुमच्या नावाने. आजी गेल्या मार्चमध्ये. ही पावती तुम्ही खर्चाचा पुरावा म्हणून जोडलीत. मला ती स्वीकाराचा पुरावा म्हणून हवी आहे. ‘यांच्याकडे’ म्हणजे कोणाकडे, हा प्रश्न येईल. त्याला उत्तर ती कार्यकर्ती देऊ शकते: मला दिला, मी पुढे ताईंना दिला. तिचं प्रतिज्ञापत्र या आठवड्यात करून घ्या. अशा मुली नोकरी बदलून बेंगळुरूला जातात, मग सापडत नाहीत.

दुसरं माणूस म्हणजे आजींची मुलगी. तुम्हीच लिहिलंय की ती जानेवारीत बंड्याला भेटून गेली आणि ‘आईच्या जिवाला घोर होता, बरं झालं’ म्हणाली. तीही भावाइतकीच वारस आहे. आईचं अक्षर ती ओळखते आणि ते ओळखल्याची साक्ष कोर्टात चालते. भावाविरुद्ध उभी राहील का, ते मला ठाऊक नाही. पण विचारलंच नाही तर तेही कळणार नाही.

आता तुमच्यावर थोडं रागवतो. नोटीस येऊन आज बावीस दिवस झाले. तुम्ही उत्तर दिलं नाही, कारण ‘घाबरून ड्रॉवरमध्ये ठेवली’. शिवाय मुलाने फोन केला तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘मुलीची परीक्षा झाली की आणून देते.’ हे का म्हणालात? भिडेखातर, असं तुम्ही लिहिता. कोर्टात भिडेला कलम नाही. तो फोन रेकॉर्ड झाला असेल असंच धरून चाला. नोटिशीला उशिरा उत्तर दिल्याने सगळं बुडतं असं नाही, पण गप्प राहिलेला माणूस कबूल झाला, असं म्हणायची संधी समोरच्याला मिळते. उत्तर दोन दिवसांत जाऊ द्या. फोनवरचं बोलणं नाकारू नका, ‘त्यांच्या दुःखाकडे बघून बोललो, हक्क सोडला नाही’ एवढंच येऊ द्या. आणि पुस्तिकेतलं वाक्य शब्दन् शब्द उतरवा, ‘सांभाळायला’ सकट. अर्धं वाक्य उद्धृत करणाऱ्या पक्षकाराकडे न्यायाधीश वेगळ्या नजरेने बघतात.

त्याच दिवशी शिवाजीनगर कोर्टात कॅव्हेट टाका, म्हणजे ‘आमचं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका’ असा अर्ज. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 148-अ. खर्च फार नाही. कॅव्हेटची नोटीस मुलाला आणि त्याच्या वकिलांना पोचपावतीसह टपालाने जायला हवी. मुदत 90 दिवस, ती संपायच्या आत पुन्हा टाकायची. हे मी एवढं ठासून का सांगतोय ते ऐका. अशा दाव्यात अंतिम निकालाला काही अर्थ उरत नाही. बारा वर्षांच्या पामेरियनच्या दाव्यात मुद्दे निघेपर्यंत, वादीची उलटतपासणी होईपर्यंत, तारखांमागून तारखा जाईपर्यंत, स्पष्टच लिहितो, बंड्या नसेल. मी एका तालुक्याच्या कोर्टात म्हशीच्या ताब्याचं प्रकरण चालवलं होतं. म्हैस सुपुर्दनाम्यावर, म्हणजे निकालापर्यंत तात्पुरत्या ताब्यात, एकाच्या गोठ्यात होती. निकाल लागला तेव्हा म्हैस मेली होती आणि तिच्या दोन पारड्या कोणाच्या, यावर नवा वाद उभा होता. त्यामुळे सगळा खेळ अंतरिम अर्जाचा, म्हणजे निकालाआधीच्या तात्पुरत्या आदेशाचा आहे. पहिल्या तारखेला ज्याच्या घरी बंड्या, त्याच्याच घरी तो बहुधा शेवटपर्यंत राहणार. एकतर्फी आदेश घेऊन कोणी दारात उभं राहू नये, एवढंच कॅव्हेटचं काम.

मुलगा ठेवच सिद्ध करू शकला तर? तर करार कायद्याच्याच कलम 158 प्रमाणे सांभाळायला झालेला आवश्यक खर्च तुम्ही मागू शकता. दात, हृदयाच्या गोळ्या, रक्ततपासण्या यांची बेरीज बंड्याच्या बाजारभावापेक्षा किती तरी जास्त भरते, कारण सात दात गेलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला बाजारभावच नसतो. वस्तूच परत द्या की नुकसानभरपाई पुरे, यावर कोर्ट काय म्हणेल ते त्या दिवशीच्या न्यायाधीशांवर. मी पैज लावणार नाही.

आईला आणि कुत्र्याला वाऱ्यावर सोडल्याबद्दल मुलावर प्राणिक्रूरतेची तक्रार करायची, असं तुमच्या यजमानांच्या मनात आहे. करू नका. एक तर हा प्रकार क्रूरतेत बसत नाही. दुसरं, 1960 च्या त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे 10 ते 50 रुपये. यजमानांचं रिक्षाभाडं त्याहून जास्त होईल. महापालिकेचा परवाना मात्र तुमच्या नावाने लगेच काढा. त्याने मालकी ठरत नाही, पण एवढे महिने काढला का नाही, हा प्रश्न तरी बंद होईल.

तडजोडीला माझी ना नाही. ‘आमचे तमाम हक्क राखून’ या शब्दांनी सुरुवात करून, तो पुण्यात येईल तेव्हा बंड्याला भेटायला या, असं उत्तरातच लिहा. आई गेलेला माणूस कधी कधी कुत्र्यासाठी भांडत नसतो.

पुस्तिका घरात कुलपात ठेवा. पुढच्या लसीला ती दवाखान्यात नेऊ नका, डॉक्टरांकडून नवी करून घ्या. मोबाईलवरच्या फोटोची छापील प्रत कोर्टात द्यायची वेळ आली तर वेगळं प्रमाणपत्र लागतं. मूळ पान हातात असेल तर ती कटकटच नाही.

आणि त्या पानाचा फोटो पुन्हा पाठवा. आजींच्या सहीच्या उजवीकडे काहीतरी आकडे दिसतात, बहुतेक तारीख असावी, आणि त्यावर नेमका तुमचा अंगठा आला आहे.