डिझेल फिल्टरच्या रिंगमधून हवा, बिल इंजेक्टरचे : पिकअपमालकाला पैसे परत मिळतील का?

प्रश्न : मी तासगाव तालुक्यात राहतो. माझी एकच डिझेल पिकअप आहे, ती मी स्वतःच चालवतो आणि हंगामात द्राक्षे वाशीच्या बाजारात नेतो. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू होत नसे, पण डिझेल फिल्टरवरचा हातपंप पाच-दहा वेळा मारला की सुरू होई. 11 फेब्रुवारी 2025 रोजी एका सर्व्हिस सेंटरने चारही इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) बदलले, पंप ओव्हरहॉल केला आणि 68,400 रुपये घेतले. पूर्ण पैसे दिल्याशिवाय गाडी सोडली नाही. आठ दिवसांत तोच त्रास पुन्हा सुरू झाला आणि एका सकाळी भरलेली गाडी चार तास दारातच उभी राहिली. शेवटी गावातल्या मेस्त्रींनी पारदर्शक नळी लावून हवेचे बुडबुडे दाखवले. फिल्टरच्या बुडाची रबरी रिंग कापली गेली होती. 350 रुपयांत काम झाले. सेंटरवाले आता डिझेल भेसळीचे असेल म्हणतात. मला काय करता येईल?

उत्तर : आपल्याला जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येईल आणि तक्रारीत दमही आहे. मात्र दुसऱ्याने 350 रुपयांत गाडी दुरुस्त केली, एवढ्यावर पहिल्याची सेवा सदोष ठरत नाही. निदान चुकणे आणि निदानच न करणे यांत कायदा फरक करतो. सेंटरने महागडे भाग उघडण्याआधी साधी, बिनखर्चाची तपासणी केली नाही, हे आपल्याला सिद्ध करावे लागेल, आणि सगळे प्रकरण याच एका मुद्द्यावर उभे राहील.

पहिली हरकत ठरलेली असते : गाडी धंद्याची आहे, म्हणून आपण ग्राहकच नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 च्या कलम 2(7) मध्ये व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तू व सेवा वगळल्या आहेत हे खरे, पण केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू त्या वगळणुकीत येत नाही, असे त्याच कलमाचे स्पष्टीकरण सांगते. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये स्वतः रिक्षा किंवा ट्रक चालवून पोट भरणाऱ्याचेच उदाहरण दिले होते, आणि मदतीला एखाददुसरा माणूस ठेवल्याने तो ग्राहक राहत नाही असे होत नाही, हेही नमूद केले होते. तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात ‘गाडी एकच, चालक मीच, उपजीविका याच गाडीवर’ असे लिहा आणि आपला वाहन चालवण्याचा परवाना जोडा. ही ओळ राहून गेली म्हणून चांगल्या तक्रारी सुरुवातीलाच अडखळलेल्या मी पाहिल्या आहेत.

आता खऱ्या मुद्द्याकडे येऊ. टाकीपासून हाय प्रेशर पंपापर्यंत डिझेल ओढून नेले जात असेल, तर त्या टप्प्यात बारीक फट पडली तरी डिझेल बाहेर ठिबकेलच असे नाही, कारण इंजिन चालू असताना त्याच फटीतून उलट हवा आत खेचली जाते. गाडी उभी राहिली की नळीतले डिझेल हळूहळू टाकीकडे उतरते आणि सकाळी पंपाच्या तोंडाशी हवा असते. हातपंप मारल्यावर गाडी सुरू होणे हे त्याचेच लक्षण आहे, आणि आपण ते पहिल्याच दिवशी सांगितले असेल तर सेंटरची बाजू बरीच लंगडी पडते. आयोगाच्या सदस्यांना मात्र ‘खाली थेंब नाही, मग गळती कसली’ असे वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून ही गोष्ट मेस्त्रींच्या प्रतिज्ञापत्रात त्यांच्याच साध्या भाषेत यायला हवी : नळी फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये कुठे लावली, बुडबुडे केव्हा दिसले, रिंग बदलल्यावर ते थांबले का, आणि त्यानंतर किती सकाळी गाडी हातपंपाशिवाय सुरू झाली. त्यांनी पंपाला वेगळ्या कॅनमधून थेट डिझेल देऊन पाहिले असेल, तर तेही अवश्य लिहा. कॅनवर गाडी नीट चालते आणि टाकीवर चालत नाही, याचा अर्थ दोष पंपाच्या अलीकडे आहे, हे कुणालाही समजते.

सेंटर बहुधा स्कॅनरचा, म्हणजे गाडीच्या संगणकातले दोषाचे कोड वाचणाऱ्या यंत्राचा, रिपोर्ट पुढे करेल आणि त्यात रेलमधला (चारही इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीतला) दाब कमी असल्याचा कोड असेल. त्याने घाबरून जाऊ नका. दाब कमी आहे एवढेच तो कोड सांगतो, तो का कमी आहे हे सांगत नाही. इंजेक्टर झिजून डिझेल परतीच्या नळीत जास्त जात असेल तरी तो कोड येतो आणि पंपात हवा शिरत असेल तरीही येऊ शकतो. या दोहोंत फरक करणारी चाचणी म्हणजे बॅक लीक टेस्ट. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या वेगवेगळ्या बाटल्यांत सोडायच्या आणि कोणत्या बाटलीत किती डिझेल साठते ते मोजायचे. सेंटरने ही टेस्ट करून आकडे जॉब कार्डावर (गाडीच्या कामाच्या नोंदपत्रावर) लिहिले असतील आणि ते खरोखर जास्त असतील, तर इंजेक्टर बदलण्याला आधार होता असे मानावे लागेल, आणि मग आपल्याला सगळे पैसे परत मिळण्याची आशा मी दाखवणार नाही. आकडेच नसतील, तर कलम 2(11) नुसार सेवेतील त्रुटी दाखवणे सोपे जाईल. त्या व्याख्येत निष्काळजीपणा आणि संबंधित माहिती मुद्दाम दडवणे, दोन्ही येतात.

आणखी एक गोष्ट तपासा. जॉब कार्डावर ‘गिऱ्हाईकाच्या सांगण्यावरून इंजेक्टर बदलणे’ अशी ओळ आहे का? गाडी सोडताना आपण ‘नोझल (म्हणजे इंजेक्टर) बघा’ म्हणाला असाल, तर ती ओळ तिथे असण्याची दाट शक्यता आहे आणि तीच आपल्याविरुद्ध वापरली जाईल. बघायला सांगणे म्हणजे बदलायला सांगणे नव्हे, हे सेंटरला पाठवायच्या नोटिशीतच लिहून ठेवा.

पैसे मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवण्याविषयी आपला राग मी समजू शकतो, पण तो मुद्दा ताणू नका. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 170 नुसार वस्तूवर कष्ट किंवा कौशल्य खर्च करून काम पूर्ण करणाऱ्याला, विरुद्ध करार नसेल तर, योग्य मोबदला मिळेपर्यंत ती रोखून ठेवण्याचा हक्क असतो. आपण पैसे दिले म्हणून काम मान्य केले, असाही त्याचा अर्थ होत नाही.

भेसळीचा आरोप सेंटरने केला आहे, तेव्हा त्याचा पुरावाही त्यांनीच द्यायचा. त्यांनी डिझेलचा नमुना काढला होता का, काढला असेल तर कुणासमोर, एवढेच नोटिशीत विचारा.

द्राक्षांच्या नुकसानीबाबत हात आखडता ठेवा. करार अधिनियमाच्या कलम 73 खाली दूरचे, अप्रत्यक्ष नुकसान मिळत नाही. त्या दिवशीची अडत्याची पट्टी आणि त्याच मालाची आदल्या-नंतरच्या दिवसाची पट्टी हाती असेल, तर दरातला फरक मागा. पट्टी नसेल तर ही मागणी सोडून द्या, कारण फुगवलेला आकडा उरलेल्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास घालवतो.

तक्रारीची मुदत ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम 69 नुसार कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे. ती बिलाच्या तारखेपासूनच मोजा, म्हणजे वादाला जागा उरणार नाही. आपण राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे सांगलीच्या आयोगाकडे, तक्रार करता येते, आणि मोबदला 5 लाख रुपयांच्या आत असल्याने फी नाही. मेस्त्रींनी बुडबुड्यांचा व्हिडिओ मोबाइलवर घेतला असेल, तर तो मूळ मोबाइलमध्येच राहू द्या, आणि प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे, प्रमाणपत्र जोडा. आयोगापुढे पुराव्याचे नियम तितके काटेकोर नसले, तरी समोरचा वकील पहिला आक्षेप तिथेच घेतो.

आधी नोटीस पाठवा, स्पीड पोस्टाने, पंधरा दिवसांची मुदत देऊन. तीत तीन गोष्टी मागा : स्कॅनरचा रिपोर्ट, बॅक लीक टेस्टचे आकडे आणि काढलेले चारही जुने इंजेक्टर. इंजेक्टर परत आले तर सेंटरशी संबंध नसलेल्या पंप-नोझलच्या दुकानात ते बेंचवर तपासून घ्या आणि त्याची लेखी नोंद दुकानाच्या शिक्क्यासह घ्या. ते भंगारात गेले असे उत्तर आले, तर ते उत्तर जपून ठेवा, कारण बदललेला भाग खराब होता हे दाखवण्याचे साधन सेंटरने स्वतःच्या हाताने घालवले, असा युक्तिवाद आपल्याला करता येईल. कापलेली रिंग मेस्त्रींकडे अजून असेल तर ती आजच पाकिटात घालून, वर तारीख लिहून, त्यांची सही घ्या.