बागेत २४ लोरा नोड झाल्यावर पॅकेट गळतायत, पॉवर वाढवू का?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की दिंडोरीच्या द्राक्षबागेत लोराचे (कमी पॉवरवर लांब जाणारा रेडिओ) ६ सेन्सर नोड होते तोवर सगळं झकास चाललं होतं, आता २४ झाले तर निम्म्याहून जास्त पॅकेट गायब, मधे गेटवे (सगळ्यांचं ऐकून पुढे पाठवणारा डबा) नाही, नोड थेट एकमेकांशी आणि पंपाच्या कंट्रोलरशी बोलतात, सगळे एकाच चॅनलवर, एसएफ १२ (स्प्रेडिंग फॅक्टर, जेवढा मोठा तेवढं लांब जातं पण हळू), दर मिनिटाला २० बाइट. आणि आता पॉवर वाढवायचा विचार आहे. नका वाढवू. सगळ्यांनीच आवाज चढवला तर ऐकणाऱ्याच्या दृष्टीने काय फरक पडला?

खरी गडबड एसएफ १२ ची आहे. २० बाइटचं पॅकेट एसएफ १२ ला, १२५ किलोहर्ट्झवर, हवेत जवळपास १.३ सेकंद राहतं. २४ जण मिनिटाला एकेकदा बोलले की ६० पैकी ३२ सेकंद गेले. वाटतं निम्मी जागा मोकळीच आहे की! पण वेळ न ठरवता कोणी कधीही बोलत असेल तर एक पॅकेट सुखरूप जायला पुढचे-मागचे मिळून २.६ सेकंद बाकी सगळे गप्प हवेत. हा अलोहाचा (पाळी न लावता कधीही बोलायच्या पद्धतीचा) हिशेब मांडलात तर शंभरातली ३५ च्या आसपास पोहोचतात. एखादं पॅकेट दुसऱ्यापेक्षा बरंच जोरात आलं तर टकरीतूनही वाचतं, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा थोडा बरा दिसेल, पण थोडाच. तेच पॅकेट एसएफ ७ ला ५७ मिलिसेकंदात संपतं आणि शंभरातली ९५ पोहोचतात. त्यात वरून रीट्राय, म्हणजे हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवणं, चालू ठेवला असेल तर आगीत तेलच.

कसं आहे, लायसन्सचं स्पेक्ट्रम, म्हणजे एकट्यासाठी राखलेला रेडिओचा पट्टा, ही स्वतःची विहीर. आपला ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा म्हणजे पाटाचं पाणी, तेही पाळी लावणारा पाटकरी नसलेल्या पाटाचं. १ वॉटपर्यंत ट्रान्समीटर चालतो, लायसन्स लागत नाही, पण शेजारच्याने त्रास दिला तर तक्रार कुणाकडे करायची सोय नाही. मग पाळी आपणच लावायची. मोबाइलवाल्यांचंही हेच झालं, मोबाइल स्टँडर्डच्या रिलीज १२ मधे टॉवरशिवाय थेट फोन-टू-फोन आलं तेव्हा जागा एकतर टॉवर वाटून द्यायचा नाहीतर फोन स्वतः निवडायचा, आणि रिलीज १८ मधे तेच फुकटच्या बँडवर आणलं तेव्हा आधी ऐका मग बोला हा नियम पाळावाच लागला.

तर आता करा असं. पंपाचा कंट्रोलर लाईटवर चालतो ना, त्यालाच पाटकरी करा. त्याने तासाला एकदा टाइम बीकन (घड्याळ जुळवायचं पॅकेट) टाकायचा, नोडने तेवढ्यापुरतं उठून ऐकायचं. मातीचा ओलावा दर मिनिटाला कशाला हवाय, १५ मिनिटांनी बास, आणि प्रत्येकाला २ सेकंदांचा स्लॉट, नोड नंबर गुणिले २. चोवीसही जणांचं ४८ सेकंदांत आटपतं, उरलेली १४ मिनिटं पंपाच्या कमांडला मोकळी. बीकन मात्र सोडू नका, नोडच्या घड्याळातला २० पीपीएमचा (दहा लाखांत २० चुकणारा) साधा क्रिस्टल दिवसाला १.७ सेकंद सरकतो, म्हणजे दोन दिवसांत एकाची पाळी दुसऱ्याच्या अंगावर. एसएफ ९ ठेवा, एअरटाइम (पॅकेटचा हवेतला वेळ) १८५ मिलिसेकंदच्या आसपास. कडेच्या एक-दोन नोडला खरंच पोहोचत नसेल तर फक्त त्यांनाच १० द्या, आणि त्यांच्याशी बोलता-ऐकताना कंट्रोलरही १० वर न्या.

नुसतं सीएडी (बोलण्याआधी चॅनलवर दुसरं लोरा पॅकेट आहे का ते ऐकणं) लावून चालेल का असं कोणीतरी खाली विचारलंय. लावा, पण भरवसा ठेवू नका. बागेच्या त्या टोकाचा नोड ह्या टोकाला ऐकूच येत नाही, दोघांनाही वाटतं रान मोकळंय, आणि मधल्या पंपावर दोघांची टक्कर.

एक माझ्यावर बेतलेलं सांगतो. निफाडला मामांच्या बागेत नोडला अडॅप्टर लावले होते, रात्री थ्री फेज आली की सगळे एका क्षणाला बूट व्हायचे, सगळ्यांचे टायमर सारखे, त्यामुळे दर वेळी तंतोतंत एकाच वेळी बोलायचे. मी आठवडाभर अँटेना बदलत बसलो. शेवटी बूटनंतर रँडम डिले टाकला, दोन ओळींचा कोड, आणि लॉग भरायला लागला. ते तुम्हीही टाका, कारण बीकन मिळेपर्यंत नोडला स्वतःची पाळी माहीतच नसते.

अँटेना मांडवाच्या तारांच्या वर काढा, बांबूला बांधून. ऑक्टोबर छाटणीनंतर टेस्ट केलं तर सगळं पोहोचतं हो, दीड महिन्यात कॅनॉपी भरली, वर दव पडलं, की तीच लिंक मरते. रेंज डिसेंबरातच सकाळी मोजा.

आणि पंप बंद करायची कमांड रेडिओवर सोडू नका. चालू करतानाच किती मिनिटं चालायचं ते पाठवा, कंट्रोलर आपोआप बंद करेल, बंदचं पॅकेट हरवलं तरी बागेत तळं नको.