अळीवरचा काळा डाग

प्रश्न : रेशीम अळीला खरचटलं की तिथे काळा डाग पडतो. तो अंगभर का पसरत नाही? – एक रेशीम उत्पादक, जालना

उत्तर : नेमकं हेरलंत! जखम झाली की अळीच्या रक्तातली प्रोटिएझ, म्हणजे प्रथिनं तोडणारी विकरं एकामागून एक जागी होतात. शेवटी मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य तयार होऊन जंतू त्यात कोंडले जातात. पण यात निघणारी विषारी रसायनं अळीलाही भोवतात. म्हणून सर्पिन नावाची प्रथिनं या विकरांना आवर घालतात. त्यांची युक्ती मला भारी आवडते : उंदराच्या सापळ्यासारखं आमिष पुढे करायचं, विकरानं ते तोडलं की त्याला कायमचं अडकवायचं. सर्पिनही त्यात खर्ची पडतं. फळमाशीत ‘नेक्रॉटिक’ हे सर्पिन नसलं, तर जंतू नसतानाही बुरशीविरोधी प्रथिनं बनत राहतात, हे १९९९ मध्ये दिसलं. अशा माश्यांवर तपकिरी डाग पडतात आणि त्या लवकर मरतात.