नव्या असेंबल्ड कॉम्प्युटरमध्ये डीव्हीडी ड्राइव्हचा ट्रे उघडतो, पण बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावर) ड्राइव्ह दिसत नाही. काय करू?

ड्राइव्ह बदलायला नागपूरला पाठवण्याआधी त्याची साटा डेटा केबल (ड्राइव्ह आणि मदरबोर्ड यांच्यात माहिती नेणारी) मदरबोर्डवरच्या दुसऱ्या पोर्टात लावून पाहा. ट्रे उघडतो म्हणजे वीज पोचते आहे. अडलंय ते बहुधा त्या बारक्या, सात पिनांच्या डेटा केबलपाशी किंवा तिच्या पोर्टापाशी. एम.२ एसएसडी (थेट मदरबोर्डवर बसणारी पट्टीसारखी स्टोरेज) लावली असेल, तर पुष्कळ बोर्डांवर एक-दोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात. कोणते, ते मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं (खोक्यासोबत तेही फेकलं असेल, तर कंपनीच्या साइटवर मिळतं). वरुडकडे मी मशीन जोडून देतो, तिथे बहुतेकदा हेच निघतं. मात्र बायोसमध्ये दिसून फक्त विंडोजमध्ये गायब असेल, तर केबलला हात लावू नका; डिव्हाइस मॅनेजरमधून ड्राइव्ह अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा. आणि लाइन गेली आहे म्हणून कॅबिनेट उघडू नका, ती कधीही येते. आधी प्लग काढा.