लढाई संपल्यावर पुढचं प्रकरण

कल्पनारम्य कादंबरी लिहिणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी बरेच आले, आणि विषय एकच: लढाईतून गेलेल्या मुलांच्या मनावरचा आघात कसा लिहायचा. त्यांतले तीन निवडले आहेत.

माझी नायिका पंधरा वर्षांची आहे. किल्ल्याच्या लढाईत तिच्या हातून पहिल्यांदा माणूस मरतो. पुढच्या प्रकरणात ती वाईट स्वप्न पडून किंचाळत उठते. ज्यांना हस्तलिखित दिलं त्यांना हे ओढूनताणून आणलेलं वाटलं. काय चुकलं?
– एक वाचक, नाशिक

स्वप्न चुकलेलं नाही, त्याची किंमत कोणी मोजत नाही ही अडचण आहे. सकाळी उठून ती नेहमीसारखीच तलवार चालवते. चार रात्री नीट न झोपलेली मुलगी पहाऱ्यावर पेंगेल, धाकट्या भावावर खेकसेल, घोड्याचा पट्टा सैल बांधेल. त्या सैल पट्ट्यामुळे पुढे कोणी पडलं, तर आघात कथानकात उतरला. स्वप्नाला दोन ओळी द्या आणि परिणामांना दोन पानं.

दुसरं म्हणजे, घाई नको. पहिल्या दिवसांत पुष्कळ मुलं बधिर असतात. जेवतात, कामं करतात, हसतातही. आघातोत्तर तणावाचं निदान डॉक्टर लक्षणं महिन्याहून जास्त टिकल्यावरच करतात. ही लक्षणं चार गटांत मोडतात: नको ती आठवण घुसणं, आठवण करून देणारं सगळं टाळणं, स्वतःबद्दल आणि जगाबद्दल मन काळवंडणं, आणि सतत सावध राहणं, दचकणं, चिडणं. बहुतेक लेखक पहिल्या गटावरच थांबतात. तुम्ही टाळण्यातलं एक आणि सावधपणातलं एक लक्षण निवडा आणि कादंबरीभर तीच दोन सांभाळा.

आठवण जागी करायला दुसरी लढाई आणू नका. लढाईच्या प्रसंगातच एखादा वास पेरून ठेवा. समजा, तटावरून उकळतं डांबर ओतलं जातंय. चाळीस पानांनंतर नदीकाठी एक नावाडी होडीच्या तळाला डांबर लावतोय. नायिका बोलता बोलता थांबते, वाट बदलते आणि ‘चपलेचा अंगठा तुटला’ असं काहीतरी सांगते. तळवे घामेजलेले, आणि का ते तिलाही कळत नाही. इथे ‘तिला लढाई आठवली’ असं लिहिलंत की प्रसंग संपला. डांबर वाचकाच्या लक्षात असतं.

राग लिहायला घाबरू नका. ‘हॅरी पॉटर’च्या पाचव्या भागात (2003) हॅरी जिवलग मित्रांवर ओरडतो, आणि अनेकांना तो तिथे असह्य वाटतो. आमच्या मते मालिकेतलं ते सर्वांत प्रामाणिक लेखन आहे, कारण या वयात दुःख पुष्कळदा चिडचिड आणि बेफिकीर धाडस बनून बाहेर येतं. शाळेच्या गाड्या ओढणारे थेस्ट्रल नावाचे घोड्यासारखे प्राणी त्याच भागात त्याला पहिल्यांदा दिसतात. ज्यांनी मृत्यू पाहिलाय त्यांनाच ते दिसतात. त्याचे मित्र रॉन आणि हर्मायनी शेजारी उभे असतात आणि त्यांना रिकामी जागा दिसते. मित्रांमध्ये पडलेलं अंतर वास्तववादी कादंबरीला इतक्या थेट दाखवता आलं नसतं. तुमच्या जगातही असं काही शोधा.

माझ्या जगात मंत्राने जखमा भरतात. मग मनाची का भरू नये? आणि शेवटी मुलाला बरं कसं करायचं?
– एक लेखिका, पुणे

मंत्राची हद्द आधीच ठरवा, पहिल्या शंभर पानांतच. टॉल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये दुष्ट शक्तीची अंगठी नष्ट करायला निघालेल्या फ्रोडोला 6 ऑक्टोबरला वेदरटॉप टेकडीवर जखम होते. एल्राँडसारखा वैद्य आत राहिलेला पात्याचा तुकडा काढतो. पुढे अंगठी नष्ट होते, तरी त्या तारखेला फ्रोडो पुन्हा आजारी पडतो. जाळं विणणाऱ्या राक्षसी कोळ्याने दंश केलेल्या 13 मार्चलाही तेच. फ्रोडो वयाने मोठा आहे, पण ही युक्ती मुलांच्या कथेतही चालते. टॉल्किन स्वतः 1916 साली पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत होते, हे इथे लक्षात घ्यायला हवं.

बरं करताना सगळ्यात जास्त फसतो तो रात्रीचा प्रसंग: गुरूंच्या खांद्यावर डोकं ठेवून मूल सगळं सांगतं आणि सकाळी मोकळं होतं. आघातानंतर लगेच एका बैठकीत सगळं वदवून घेतल्याने पुढचा त्रास टळत नाही. पहिल्या रात्री हवी असते ऊब, जेवण, सुरक्षित जागा आणि ओळखीचं माणूस. मुलांवरच्या आघातकेंद्री उपचारांतही साधारण 12 ते 16 बैठका लागतात. म्हणून कबुली तीन प्रकरणांत पसरा: आधी एकच वाक्य, मग गाळलेल्या जागांसह हकिगत, आणि शेवटी मूल ज्याची लाज बाळगतं ते.

समाजाला विसरू नका. मोझांबिकमध्ये 1992 साली युद्ध थांबल्यावर परतलेल्या बालसैनिकांसाठी काही गावांत शुद्धीचे विधी झाले. एका विधीत मुलगा छावणीतले कपडे घालून गवताच्या झोपडीत शिरायचा, कपडे आत उतरवायचा, मग झोपडी पेटवली जायची आणि घरचं मोठं माणूस त्याला बाहेर काढायचं. सिएरा लिओनमधल्या बालसैनिकांचा पाठपुरावा केल्यावरही दिसलं की घरच्यांनी आणि गावाने स्वीकारलेली मुलं जास्त सावरली. तुमच्या राज्यात विजयाची मिरवणूक आहे, पण परतलेल्या मुलाच्या हातचं पाणी शेजारी पितात का, हे कुठेच लिहिलेलं नाही. ते लिहा.

नायकाचा सात वर्षांचा भाऊ सगळं बघतो, पण रडत नाही, बोलत नाही. त्याचं काय दाखवू?
– एक वाचक, मडगाव

त्याचा खेळ दाखवा. काठ्यांचा तोच किल्ला, तोच दरवाजा पडतो, तोच शेवट, आणि खेळताना चेहऱ्यावर आनंद नाही. सोबत अंथरूण ओलं होणं, सारखं पोट दुखणं, दादा नजरेआड झाला की कासावीस होणं. यातली दोनच घ्या. मोठ्यांसारखी शहाणी वाक्यं मात्र त्याच्या तोंडी घालू नका. त्याला काही विचारायचंच असेल तर तो एवढंच विचारेल: दरवाजा आपण लावला नव्हता का?