स्की प्रशिक्षणाच्या तासांची नोंद

पुण्यात बर्फ नसल्याने स्की प्रशिक्षक होण्यासाठी लागणारे तुमचे सगळे तास गुलमर्ग किंवा औलीच्या मोजक्या हिवाळी आठवड्यांतच जमणार आहेत. म्हणून तारीख, उतार, सुरुवातीची व शेवटची वेळ, आणि तुम्ही स्वतः शिकवले की ज्येष्ठ प्रशिक्षकांचे शिकवणे पाहिले, हे त्याच संध्याकाळी वहीत लिहून त्यांची सही तिथेच घ्यावी, कारण हंगाम संपल्यावर प्रशिक्षक पांगतात आणि शिवाजीनगरहून फोन करून सही मिळत नाही. वाऱ्यामुळे गुलमर्गचा गोंडोला (उतारावर नेणारी केबल कार) बंद राहिला, तर रांगेतला वेळ धरू नये. हौसेचे स्कीइंगही वेगळे ठेवावे. पडताळणी करताना मी बेरीज नंतर पाहतो. रोज नेमके सहा तास लिहिलेली वही दिसली, की आधी स्की-शाळेचे हजेरीपत्रक मागवतो.